झुरळाला दुखतं का, हे विचारायचं कसं?

शेतकी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला कीटकांचा संग्रह करून द्यावा लागायचा. थर्माकोल लावलेली लाकडी पेटी, कोपऱ्यात डांबरगोळ्या आणि ओळीने टाचण्यांवर टोचलेले टोळ, चतुर, भुंगे, पतंग. पकडलेला किडा मारायला ‘किलिंग बॉटल’ असायची. रुंद तोंडाची काचेची बरणी, तळाशी कापसाचा बोळा, बोळ्यावर इथिल ॲसिटेट. नेलपॉलिश काढायच्या द्रवाला गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो ना, तोच हा.

ज्वारीच्या धसकटात सापडलेला एक मोठा नाकतोडा मला अजून आठवतो. बरणीत पडल्यावर त्याने आधी दोन-तीन उड्या मारून झाकणावर डोकं आपटलं. मग तो बसला आणि पुढच्या पायाने मिशा पुसू लागला. उजवी, डावी, परत उजवी. सरांना विचारलं, "सर, याला त्रास होत असेल का?" सर म्हणाले, "नाही गं, त्यांना कळत नाही काही. रिफ्लेक्स असतात ते." मी वहीत नाव, ठिकाण, तारीख लिहिली आणि टाचणी उचलली.

सरांचं काही चुकलं नव्हतं, त्या काळचं पुस्तकी उत्तर तेच होतं. 1984 साली ऑस्ट्रेलियातल्या काही शास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर लिहिलेला लेख पुढे बरीच वर्षं प्रमाण मानला गेला. त्यांचा युक्तिवाद साधा होता. पाय चिरडला तरी किडा लंगडत नाही, त्याच पायावर तेवढाच भार टाकून चालतो. प्रार्थना कीटक टोळाला खात असतो आणि टोळ आपलं पान कुरतडतच असतो. दुखत असतं तर असं केलं असतं का?

पहिल्यांदा वाचताना हे बिनतोड वाटतं. पण 2002 सालचा अँटिग्वाचा कसोटी सामना आठवून बघा. बॅटिंग करताना चेंडू लागून अनिल कुंबळेचा जबडा मोडला होता. डोक्याभोवती पट्टी गुंडाळून तो मैदानात आला, 14 षटकं टाकली आणि लाराला पायचीत केलं. हा गोलंदाजी करतोय त्याअर्थी याला दुखत नाही, असं तेव्हा कोणी म्हणालं नाही. दुखणं असूनही ते काही काळ मागे ढकलता येतं. टोळ खात राहिला यावरून एवढंच कळतं की तो खात राहिला.

म्हणजे नुसतं वागणं बघून निकाल लागत नाही, दोन्ही बाजूंनी लागत नाही. बरणीतल्या माझ्या नाकतोड्याने मिशा पुसल्या म्हणून त्याला दुखत होतं, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.

इथे एक फरक नीट समजून घेऊ. तापल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि "आई गं" नंतर निघतं. हात मागे घ्यायचा हुकूम मेरुरज्जूतूनच सुटलेला असतो, मेंदूपर्यंत खबर जाईतो काम झालेलं असतं. म्हणजे यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, इजा होतेय याची मज्जातंतूंनी घेतलेली नोंद आणि तिच्यामुळे आपोआप होणारी हालचाल, जिला आपण शाळेत प्रतिक्षिप्त क्रिया म्हणायचो. दुसरी, ते ‘आई गं’. नकोसं वाटणं. कोणाला तरी काहीतरी होणं.

पहिली गोष्ट कीटकांकडे आहे, यावर वाद उरलेला नाही. फळमाशीच्या अळीला तापलेल्या सुईने स्पर्श केला की ती अंगाभोवती गरागरा लोळत दूर जाते. 2003 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना असं एक जनुक सापडलं की ते बिघडलं तर अळी लोळतच नाही. त्यांनी त्या जनुकाचं नाव ‘पेनलेस’ ठेवलं. नाव आकर्षक आहे, पण जरा घाईचं. अळीला वेदना होते का, हे त्या प्रयोगाने सिद्ध केलं नव्हतं, फक्त नोंद कशी होते ते दाखवलं होतं.

खरी झटापट आहे ती दुसऱ्या गोष्टीसाठी. किड्याला तोंडी विचारता येत नाही. तसं ते तान्ह्या बाळालाही विचारता येत नाही. 1980च्या दशकापर्यंत नवजात बालकांवर नाममात्र भूल देऊन शस्त्रक्रिया होत होत्या, कारण एवढ्या लहान बाळाला वेदना जाणवत नाही असा डॉक्टरांचा समज होता. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये अशा बाळांच्या रक्तातली ताणाची रसायनं मोजली. पुरेशी भूल दिलेली बाळं शस्त्रक्रियेनंतर जास्त चांगली सावरतात, हे त्यांनी दाखवलं आणि मग पद्धत बदलली. बाळ आणि किडा एक नव्हेत, हे मलाही कळतं. पण बोलता न येणाऱ्याच्या बाबतीत आपण आधी ‘नाही’ म्हणतो आणि पुरावा नंतर शोधतो, ही खोड जुनीच आहे.

मग विचारायचं कसं? लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात लार्स चिट्का यांची मधमाश्यांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. तिथे मटिल्डा गिबन्स आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. तो मला सगळ्यांत आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रयोग बंबलबीवर. ही मधमाशीची चुलतबहीण, अंगाने गुबगुबीत, लव असलेली, थंड प्रदेशात राहणारी. आपल्याकडे ती हिमालयात दिसते. एका बंद पेटीत साखरपाण्याच्या छोट्या वाट्या ठेवल्या, काही गुलाबी खुणेच्या, काही पिवळ्या. एका रंगाच्या वाट्यांत नेहमी दाट पाक, 40 टक्के साखरेचा. दुसऱ्या रंगाच्या वाट्यांत कधी 40, कधी 30, 20, तर कधी अगदीच पाणचट, 10 टक्के. माश्यांना रंग आणि गोडी यांची सांगड घालता येईपर्यंत हे चाललं. मग दाट पाकाच्या वाट्यांखालची जागा 55 अंशांपर्यंत तापवली. चटका बसेल एवढी, पण लगेच उडून जाता येईल तोवर इजा होणार नाही एवढीच.

आता निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असती तर गरम लागलं की पाय मागे, विषय संपला, दुसरीकडे काय ठेवलंय याने फरक पडायला नको. पण पडला. दुसऱ्या वाटीतही 40 टक्के पाक असेल तर माश्या गरम वाट्या टाळायच्या. दुसरीकडचा पाक जसजसा पाणचट, तसतशा त्या चटका सोसून दाट पाकाकडे जास्त वळू लागल्या. आणि हे ठरत होतं रंगाच्या आठवणीवरून, म्हणजे पायाला चटका बसायच्या आधी, डोक्यात.

आपण काय वेगळं करतो? कढईतून आत्ता काढलेली भजी बोटं पोळत असताना आपण उचलतोच. पण शेजारच्या ताटात तितकीच कुरकुरीत, जरा निवलेली भजी असतील तर कोण हात घालेल? चटका आणि चव एकाच तराजूत टाकून सौदा करायचा तर दोन्ही गोष्टी मेंदूत एका ठिकाणी याव्या लागतात. बंबलबीच्या मेंदूत त्या येतात, एवढं या प्रयोगातून दिसतं. वेदना सिद्ध झाली असं गिबन्सही म्हणत नाहीत. ‘हे सगळं आपोआप होतं’ हे उत्तर मात्र आता पुरत नाही.

याच गटाने पुढे बंबलबीच्या एका मिशीला तापलेली दांडी क्षणभर टेकवून पाहिली. पुढची दोन मिनिटं माशी तीच मिशी जास्त पुसत राहिली, दुसरी नाही. हे वाचताना मला बरणी आठवली. पण माझा नाकतोडा दोन्ही मिशा पुसत होता. वास सगळीकडूनच येत होता म्हणा.

आता दुसरी बाजू, कारण ती गाळली तर हा लेख फसवा होईल. बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये शिकलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियात स्थिरावलेले मंड्यम श्रीनिवासन हे मधमाशीच्या डोळ्यांवरच्या संशोधनातलं मोठं नाव. त्यांच्या गटाने सरळ प्रश्न टाकला. मधमाशीला दुखत असेल तर वेदनाशामक समोर ठेवल्यावर ती ते जास्त पिईल का? काही माश्यांच्या पायाला चिमटा लावला, काहींचा पाय अर्धवट कापला, आणि समोर दोन पर्याय ठेवले: साधं साखरपाणी आणि मॉर्फिन घातलेलं साखरपाणी. जखमी माश्यांनी मॉर्फिनला जास्त पसंती दिली नाही. पाय कापलेल्या माश्या एकूणच जास्त प्यायल्या, पण दोन्ही सारखंच. मधमाशीच्या अंगात मॉर्फिन आपल्यासारखंच काम करतं का, हा आणखी वेगळा प्रश्न. तरी हा निकाल ‘दुखतं’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने गेला नाही, हे मान्य करायला हवं.

उलट सिडनीत ग्रेग नीली यांच्या गटाने 2019 मध्ये फळमाश्यांत जे पाहिलं ते दुखण्याच्या फार जवळ जातं. एक पाय काढून जखम पूर्ण भरू दिली. नंतर असं दिसलं की पूर्वी चालून जाणारी ऊबही माशीला सोसेना, उरलेले पाय हुळहुळे झाले होते. इजेची खबर पुढे जाऊ द्यायची की दाबायची, हे ठरवणाऱ्या ब्रेकसारख्या पेशी असतात. जखमेनंतर त्याच मेल्या होत्या. ऑपरेशन होऊन वर्ष झालं, टाके बुजले, तरी "इथे अजून ठणकतं" म्हणणारी माणसं आपल्या घरात असतात. त्यांच्या शरीरातही याच्याशी मिळतंजुळतं काही बिघडलेलं असू शकतं.

वेदनेखेरीज मन म्हणून काही आहे का? इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात 2011 साली मधमाश्यांना एक वास म्हणजे गोड पाणी आणि दुसरा वास म्हणजे कडू क्विनाइन, असं शिकवलं. मग निम्म्या माश्यांना यंत्रावर एक मिनिट गदागदा हलवलं, पोळ्यावर हल्ला झाला की बसतात तसे हादरे. त्यानंतर दोन्ही वासांचं अधलंमधलं मिश्रण दिलं. अवेळी दारावर थाप पडली की मन बरं असलेल्या माणसाला पाहुणे आठवतात आणि घोर लागलेल्याला वसुलीवाला. हलवलेल्या माश्यांनी अशा संशयाच्या वासाला सोंड कमी वेळा बाहेर काढली, म्हणजे ‘हे कडूच निघणार’ असं धरलं. त्यांच्या शरीरातली डोपामिन आणि सेरोटोनिन ही मनःस्थितीशी जोडलेली रसायनंही उतरलेली होती.

आनंदाचंही एक टोक आहे. चिट्का यांच्याच प्रयोगशाळेत बंबलबींच्या वाटेशेजारी छोटे लाकडी गोळे ठेवले होते. खाण्याकडे जायची वाट मोकळी होती, गोळ्यांना हात लावायची गरज नव्हती, लावला तर बक्षीसही नव्हतं. तरी 45 माश्या वाट सोडून गोळ्यांकडे जायच्या, पायांत धरून ते फिरवायच्या. कोणी एकदाच, तर एका माशीने तब्बल 117 वेळा. लहान वयाच्या माश्या थोरांपेक्षा जास्त. याला शास्त्रज्ञ ‘खेळ’ म्हणतात. मीही म्हणेन, पण आपल्याला ते गोड वाटतं म्हणून ते खरं ठरत नाही, हे मनाशी बजावत.

या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न असतो आणि तो घाईत राहून जातो. त्यांना जग दिसतं, लागतं कसं? मधमाशीला तांबडा रंग दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारा अतिनील दिसतो. आभाळातल्या प्रकाशाच्या कंपनाची दिशाही तिला कळते, त्यावरून ती वाट काढते. हे उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 चं नोबेल मिळालं. फुलाभोवतीचा विजेचा सूक्ष्म भार बंबलबीला जाणवतो, हे ब्रिस्टलच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं. घरमाशीला पायाने चव कळते. लाडवावर ती चालते म्हणजे तिच्या परीने चाखतच असते. तिचे डोळे सेकंदाला दोनशेहून जास्त उघडझापी वेगवेगळ्या ओळखू शकतात, आपले साठच्या आसपास दमतात. म्हणून टपली तिला लागत नाही. आणि म्हणूनच चोक लावलेली जुनी ट्यूबलाइट, जी सेकंदाला शंभरदा लुकलुकते आणि आपल्याला स्थिर वाटते, ती माशीला सतत फडफडणारी दिसत असणार. कीटक पाळणाऱ्या प्रयोगशाळांना दिवे कोणते लावायचे याचा विचार त्यामुळे करावा लागतो.

सांगलीच्या माझ्या एका जैन मैत्रिणीची आजी तांदूळ निवडताना अळीला अलगद उचलून अंगणात सोडायची आणि आम्हाला शिकवायची: अळीला दोन इंद्रियं, मुंगीला तीन, माशीला चार. जैन परंपरेने जीवांची ही वर्गवारी फार पूर्वी केली. आज मोजायला बसलं तर आकडे बदलतात, बहुतेक मुंग्यांना दिसतं, मधमाशीला मिशांनी ऐकू येतं. पण कोणाकडे काय जाणवायची सोय आहे हे आधी बघायचं आणि मग त्याच्याशी कसं वागायचं ते ठरवायचं, ही रीत आजच्या संशोधकांसारखीच आहे.

एवढ्याशा मेंदूत हे सगळं बसतं का, अशी शंका येतेच. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी, मधमाशीच्या दहा लाखांहून थोड्या कमी. फळमाशीच्या सुमारे 1 लाख 40 हजार, आणि त्यांच्या एकमेकींशी असलेल्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा 2024 मध्ये तयार झाला. त्या नकाशावर ‘वेदना’ अशी पाटी कुठे लावलेली नाही. माणसाच्या मेंदूतही ती एका जागी सापडत नाही.

मग आज निकाल कुठे आहे? गिबन्स, चिट्का, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे तत्त्वज्ञ जोनाथन बर्च आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये तीनशेहून जास्त अभ्यास आठ कसोट्यांवर घासून पाहिले. आठपैकी सहा कसोट्या ज्यांनी ओलांडल्या, ते दोन गट कोणते? माश्या-डासांचा आणि झुरळं-वाळवीचा. ज्यांच्यासाठी आपण घरात स्प्रे ठेवतो, नेमके तेच. मधमाश्या, फुलपाखरं आणि टोळ मागे राहिले. पण त्यातले बरेच जण नापास झालेले नाहीत, त्यांची परीक्षाच झालेली नाही. फळमाशी आणि झुरळ प्रयोगशाळेत स्वस्तात वाढतात, म्हणून त्यांच्यावर प्रयोग जास्त. शिवाय हे सगळं प्रौढ कीटकांबद्दल. अळ्यांबद्दलचा पुरावा फारच विरळ आहे.

आणि नेमकी अळीचीच शेती वाढतेय. युरोपात कोंबड्या आणि मासे यांच्या खाद्यासाठी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या कारखान्यांत वाढवतात. खाद्यासाठी पाळलेल्या कीटकांची जगातली संख्या एका अंदाजानुसार वर्षाला एक लाख कोटींच्या आसपास आहे. या धंद्यात बरीच वर्षं असं धरून चालत होते की प्रौढ माशी काही खातच नाही, त्यामुळे तिला खायला देण्याचा प्रश्नच नव्हता. 2019 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी तिचं पोट उघडून तपासलं, तर पचनसंस्था चांगली चालू. मला वाटतं, कीटकांच्या भल्याचं काम बहुतेक असंच असणार. मोठं तत्त्वज्ञान कमी, ‘यांना भूक लागते का हे कोणी बघितलं होतं का?’ असले प्रश्न जास्त. मारायचंच असेल तर हळूहळू गोठवण्यापेक्षा क्षणात बारीक चिरडणारं यंत्र बरं का, त्या यंत्राची जाळी किती बारीक हवी, यावरही आता मोजमापं होत आहेत.

कायद्याची तऱ्हा तर आणखीच गमतीची. ब्रिटनने 2022 च्या कायद्यात खेकडे, शेवंड आणि ऑक्टोपस यांना संवेदनक्षम म्हणून घेतलं, कीटकांना बाहेर ठेवलं. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे मनुष्य सोडून कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. कागदावर त्यात झुरळही बसतं. पेस्ट कंट्रोलवाल्याने ती व्याख्या वाचली नसावी.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत जवळून येतो तो रेशमात. बीड, जालन्याकडे कित्येक शेतकऱ्यांना तुतीने हात दिलाय, जालन्यात कोषांचा बाजार भरतो. एका कोषात साधारण किलोमीटरभर अखंड धागा असतो. पतंग कोष फोडून बाहेर आला की तो तुटतो, म्हणून वाफेने किंवा गरम हवेने आतला जीव आधीच मारतात. पतंग उडून गेल्यावर रेशीम काढायची ‘अहिंसा’ पद्धत हैदराबादच्या कुसुमा राजय्यांनी रुजवली, पण तिथे धागा कातावा लागतो, पोत आणि भाव दोन्ही बदलतात. कोषातल्या जीवाला काय जाणवतं? तो ना अळी असतो ना पतंग, आतला मेंदूही मोडून नव्याने बांधला जात असतो. त्या अवस्थेत कोणी ‘आत’ असतं का, हे विचारायलाही अजून कोणाला नीट जमलेलं नाही.

अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात मात्र 2008 मध्ये एक आडवळणाचा प्रयत्न झाला. तंबाखूवर वाढणाऱ्या एका पतंगाच्या अळ्यांना एक वास द्यायचा आणि बरोबर विजेचा हलका धक्का. अळ्या तो वास टाळायला शिकल्या, मग कोषात गेल्या, पतंग होऊन बाहेर आल्या. अगदी कोवळ्या वयात शिकवलेल्यांच्या लक्षात काही राहिलं नव्हतं. पण कोषात जायच्या थोडं आधी शिकवलेले बहुतेक पतंग दुफाट्याच्या नळीत तो वास आला की वळून दुसऱ्या फाट्याला जायचे.

वास इथिल ॲसिटेटचा होता.